गच्चीवरची झाडलोट

गच्चीवर आला की तो आधी झाडू घ्यायचा आणि मग यंत्राकडे बघायचा.

यंत्र म्हणजे छातीइतक्या उंचीची पत्र्याची पेटी. वर उतरतं छप्पर, दुरून पाहिलं तर पाखरांसाठी कुणी घर बांधून ठेवलंय असं वाटावं. छपराखाली वहीच्या पानाएवढा पांढरा कागद ताणून बसवलेला. पेटीतली मोटर दिवसरात्र हवा ओढायची. हवा कागदातून पार व्हायची आणि जे पार होऊ शकत नसे ते कागदावर राहायचं. कोरा कागद आधीच तोललेला असे. चोवीस तासांनी मळका कागद तोलायचा. दोन वजनांमधला फरक म्हणजे त्या भागाची धूळ. या शहराबद्दल त्याला एवढंच पक्कं माहीत होतं. बाकीच्या गोष्टींबद्दल तो लोकांशी वाद घालत नसे.

एकोणीस वर्षं तो या प्राथमिक शाळेच्या गच्चीवर येत होता. पाण्याच्या टाकीमागे त्याचा झाडू असायचा. दारापासून सुरुवात करून तो मागे मागे सरकत यायचा, यंत्राभोवती तीन फेरे घ्यायचा, कचरा सुपलीत भरायचा आणि मग मोटर बंद करून झाकण उघडायचा. हे त्याला कुणी शिकवलं नव्हतं. पहिल्याच वर्षी एकदा त्याने झाकण उघडलं आणि वाऱ्याची झुळूक आली. गच्चीवरची धूळ उठली आणि कोऱ्या कागदावर येऊन बसली. तो दिवस वाया गेला. त्या संध्याकाळी त्याने स्वतःशी नियम केला: आधी जागा स्वच्छ, मग कागद. त्यानंतर असा दिवस पुन्हा आला नाही.

कागदाला बोट लावायचं नाही, हाताच्या घामानेही वजन बदलतं. म्हणून खिशात कायम स्टीलचा चिमटा असायचा, पेन असतं त्या जागी. प्रयोगशाळेत त्याचं नावच चिमटा पडलं होतं. घरीही तो पुड्यातलं बिस्कीट चिमट्याने काढायचा.

"अहो, बिस्कीट आहे ते, विंचू नाही," बायको म्हणायची.

त्याला बसता येत नसे. बसलाच तर गुडघा हलत राहायचा. लग्नानंतर पहिलं वर्षभर बायकोला वाटत होतं, याला कुठेतरी जायचंय आणि हा सांगत नाही. मग तिला कळलं की याला कुठेच जायचं नसतं.

त्या दिवशी आणीबाणीचा सहावा दिवस होता.

हवेची आणीबाणी. आधी शाळा बंद झाल्या. मग बांधकामांवर हिरवी जाळी चढली आणि मजूर जाळीखाली नुसते बसून राहू लागले. गाड्यांच्या नंबराचा शेवटचा आकडा सम असेल तर एक दिवस, विषम असेल तर दुसरा. चौकाचौकात पाण्याच्या तोफा आल्या. ट्रकवर बसवलेले मोठे पंखे आभाळात फवारा उडवायचे आणि तो फवारा पायी चालणाऱ्यांच्या डोक्यावर चिखलाच्या थेंबांनी खाली यायचा. सूर्य होता, पण जुन्या बल्बसारखा. त्याच्याकडे सरळ बघता येत होतं, आणि लोक बघत होते, आणि बघून अस्वस्थ होत होते.

गच्चीच्या दारात शाळेची शिपाईबाई दिसली. सगळे तिला मावशी म्हणत. शाळा बंद असली तरी ती तळमजल्यावरच्या खोलीत राहत होती आणि गच्चीवर कपडे वाळत घालत होती.

"भाऊ, जरा थांबा. कपडे काढू दे आधी."

"ओले आहेत अजून."

"असू देत. तुम्ही झाडून गेलात की पुन्हा धुवावे लागतात. एकोणीस वर्षं सांगतेय, पण या बाईचं ऐकतो कोण."

तो थांबला. तिने कपडे काढून खांद्यावर टाकले, तोंडाला पदर लावला आणि खाली गेली. मग तो झाडू लागला. यंत्र गुणगुणत होतं.

प्रयोगशाळेत कागद वाळवायला ठेवला की एरवी दुसऱ्या दिवशी तोलायचे. आणीबाणीत मुदत सहा तासांवर आणली होती, त्यामुळे रोज दुपारी चार वाजता आकडा कळायचा. शहरात पाच केंद्रं होती. चार ठिकाणी नवी, आपोआप मोजणारी यंत्रं होती. त्याच्या भागातलं नवं यंत्र उन्हाळ्यापासून दुरुस्तीला गेलेलं होतं, म्हणून तिथे अजून कागद, चिमटा आणि तो. नियम असा होता: ज्या भागाचा आकडा अडीचशेच्या वर, त्या भागातल्या सगळ्या भट्ट्या मंद. दहा दिवस मंद आच चालेल, दहाव्या दिवशी संध्याकाळी पूर्ण विझवायच्या. सलग तीन दिवस आकडा अडीचशेच्या खाली आला तर बंदी उठेल.

पाच केंद्रांत सगळ्यात वाईट आकडा कायम त्याचाच असायचा. त्या दिवशी दोनशे अठ्ठावन्न आला.

त्याच्या धाकट्या भावाची काचेची भट्टी याच भागात होती.

संध्याकाळी तो तिकडे गेला. न जाऊन घरी काय करणार होता? कारखाना म्हणजे एक लांबट, काळवंडलेली खोली. एका टोकाला विटांची घुमटी, तिच्या पोटात मूस, म्हणजे काच वितळवायचं मातीचं भांडं, आणि मुशीत तीन मण काच. एरवी या खोलीत पाय ठेवला की चेहऱ्यावर उष्णता थापटीसारखी बसायची. आज आत नुसती ऊब होती, आजारी माणसाच्या खोलीत असते तशी. घुमटीच्या तोंडातून नारिंगीऐवजी गडद लाल उजेड येत होता. कारागीर घरी गेले होते. धाकटा एकटाच स्टुलावर बसून आत बघत होता.

"या साहेब," धाकटा म्हणाला. "आज किती मार्क दिलेत आम्हाला?"

"दोनशे अठ्ठावन्न."

"आठने नापास. पूर्वी गुरुजी आठ मार्क ढकलून द्यायचे वरती."

"मी देत नाही रे आकडा. काटा देतो."

"काट्यावर कागद कोण ठेवतो?" धाकटा हसला, पण तोंडापुरतंच. "दादा, तुला माहितीये ना, ही विझली की काच मुशीतच दगड होते. काच आकसते वेगळी, माती आकसते वेगळी. मूस तडकणार. मूस तडकली की घुमटी फोडल्याशिवाय बाहेर निघत नाही. बाबांनी लावलेल्या विटा आहेत या. चव्वेचाळीस वर्षांत एकदाही गार झालेली नाही. मी पन्नाशीचा झालो, आता नवी बांधायला घेऊ की गुडघ्याला तेल लावू?"

लहानपणी दोघं भाऊ याच खोलीत वाढले होते. धाकट्याने काच फुंकायची नळी तोंडाला लावली ती लावलीच. हा मात्र सोळाव्या वर्षी पळाला. धुराला, घामाला, खोकल्याला कंटाळून त्याने असं काम शोधलं होतं जिथे सगळं पांढरं असतं.

बोलण्यासारखं काही नसलं की त्याचे हात शिवशिवायचे. कोपऱ्यात खराटा होता. त्याने तो उचलला आणि भट्टीसमोरच्या काचेच्या चुऱ्यावर दोन हात मारले.

"ए, ठेव," धाकटा एवढ्या जोरात म्हणाला की तो दचकला. "अक्कल गहाण टाकलीस का? मूस उघडी असताना कोरडा झाडू? एक कण आत गेला तर शंभर नगांत बुडबुडे. बाबा काय म्हणायचे, विसरलास? आधी भट्टीचं तोंड झाका, मग पाणी मारा, मग झाडा."

"विसरलो खरा."

"सरकारी झालास," धाकटा म्हणाला आणि पुन्हा आत बघू लागला.

सातव्या दिवशी तारीख विषम होती आणि त्याच्या स्कूटरचा आकडा सम. बसथांब्यावर शंभर माणसं होती आणि सगळ्यांच्या तोंडाला फडकी. कोण वैतागलंय ते फक्त कपाळावरून कळत होतं. दोन बसेस न थांबता गेल्या. तिसरीच्या दारात त्याला एक पाय मिळाला. शाळेत पोचला तेव्हा कागद काढायच्या वेळेला तीन मिनिटं उरली होती. चोवीस तास म्हणजे चोवीस तास. झाडू टाकीमागेच राहिला. वारा पडलेला होता, ते बरं झालं. त्याने मोटर बंद केली, श्वास रोखून झाकण उघडलं, चिमट्याने मळका कागद काढून मळकी बाजू आत घालून दुमडला, कोरा बसवला, मोटर चालू केली. दिवसभर त्याला दात न घासता घराबाहेर पडल्यासारखं वाटत राहिलं.

दुपारी चार वाजता काटा स्थिरावला. प्रयोगशाळेच्या प्रमुख मॅडमनी आकडा मोठ्याने वाचला. "दोनशे त्रेचाळीस. काय चिमटे, सुधारणा आहे."

"पंधराने उतरला," कुणीतरी म्हणालं. "गाड्यांचा परिणाम."

"तोफांचा," दुसरा म्हणाला.

त्याने हात खिशात घातले. गाड्या काल तेवढ्याच होत्या, तोफाही तेवढ्याच. वारा काल थोडा तरी होता, आज तोही नव्हता, म्हणजे धूळ उलट साचायला हवी होती. कालच्यापेक्षा आज वेगळी असलेली एकच गोष्ट त्याला माहीत होती आणि ती पाण्याच्या टाकीमागे उभी होती.

मावशीचे ओले कपडे. धाकट्याचं "ए, ठेव". मूस उघडी असताना.

यंत्र बंद करण्याआधी तो झाडत होता. यंत्र श्वास घेत असताना, त्याच्या तोंडाशी, तीन फेरे. एकोणीस वर्षं. कोरा कागद स्वच्छ राहावा म्हणून तो मळक्या कागदाला शेवटचा घास स्वतःच्या हाताने भरवत होता.

त्या संध्याकाळी तो घरी गेला आणि खोलीत येरझाऱ्या घालू लागला. बायको खिडकीशी बसून खोकत होती. दोन वर्षांपासून तिला हा खोकला होता. हवा खराब झाली की रात्रंदिवस, हवा सुधारली की फक्त पहाटे. तिच्या खोकल्यावरून तो आकड्याचा अंदाज करायचा आणि तो बहुधा दहा-वीसच्या फरकाने बरोबर यायचा. आज खोकला कालच्याइतकाच होता. त्याचा अर्थ त्याला कळला आणि तो आणखी वेगाने चालू लागला.

"अहो, फरशी झिजेल," ती म्हणाली. "झालंय काय?"

त्याने सांगितलं. तिने शेवटपर्यंत ऐकून घेतलं.

"मग झाडू नका. संपलं."

"तसं नाही ते. झाडायला नको हे खरंच आहे. पण आता मी झाडलं नाही तर का झाडलं नाही? कागद खरा यावा म्हणून, की धाकट्याची भट्टी वाचावी म्हणून?"

"दोन्ही होत असेल तर बिघडलं कुठे?"

"माझं मलाच कळत नाही, मी कुणाचं काम करतोय."

"आपलेच दात नि आपलेच ओठ," ती म्हणाली आणि तिला पुन्हा ढास लागली. ती थांबल्यावर म्हणाली, "बसा हो जरा. तुमच्याकडे बघूनच धाप लागते मला."

आठव्या दिवशी तो वेळेवर पोचला, तरीही झाडू घेतला नाही. यंत्राजवळ उभा राहिला. हातांना काय करावं कळेना, म्हणून ते पाठीमागे बांधले. मावशी कपडे काढायला आली होती.

"आज झाडणं नाही?"

"नाही."

"बरं नाही का?"

"बरं आहे."

"मग राहू देत कपडे," ती म्हणाली आणि त्याच्याकडे वळून वळून बघत खाली गेली.

आकडा आला दोनशे सेहेचाळीस. दुसरा दिवस. धाकट्याचा फोन आला. इकडचं-तिकडचं बोलला, भट्टीचं नाव काढलं नाही. फोन ठेवताना फक्त म्हणाला, "दादा, उद्या तेवढं बघ."

"मी काय बघणार?"

"असंच म्हटलं रे. म्हणायला काय जातंय."

नववा दिवस. रात्रीतून वारा सुटला होता. कोरडा, मध्येच थांबणारा, पुन्हा येणारा वारा. तीन दिवस न झाडलेल्या गच्चीवर धूळ सरपटत होती. यंत्राच्या पायाशी तिची वेलांटी झाली होती. झाकण उघडलं की ती आत जाणार, मळक्या कागदावर बसणार आणि आकडा वर जाणार. किंवा कोऱ्यावर बसणार आणि उद्याचा आकडा वर जाणार, पण उद्याशी धाकट्याला काही देणंघेणं उरलं नव्हतं. त्याच्या मनात हे आलं, आणि हे आपल्या मनात आलं याचीच त्याला जास्त भीती वाटली.

तो खाली गेला. "मावशी, बादली आणि फडकं मिळेल?"

त्याने आधी मोटर बंद केली. वेळ टिपली: नऊ मिनिटं लवकर. मग छपराची फट प्लास्टिकने झाकली आणि गुडघ्यांवर बसून यंत्राभोवतीची फरशी ओल्या फडक्याने पुसायला घेतली. पाणी तीनदा काळं झालं. मावशी दारात उभी राहून बघत होती.

"आता कसं शहाण्यासारखं," ती म्हणाली. "हे पहिल्या दिवशीच केलं असतं तर माझे किती साबण वाचले असते."

तो गुडघ्यांवर बसल्या बसल्या हसला. नऊ दिवसांत पहिल्यांदा. मग प्लास्टिक काढलं, झाकण उघडलं. बाबांचीच पद्धत: तोंड झाका, पाणी मारा. यापेक्षा जास्त स्वच्छ हाताने त्याने कधी कागद काढला नव्हता.

दुपारी पावणेचारला तो मॅडमच्या टेबलासमोर जाऊन उभा राहिला. मॅडम कमी बोलणाऱ्या होत्या. बोलताना पेन्सिलीला टोक करायच्या, टोक झालेलं असलं तरी.

"मॅडम, कागद तोलण्याआधी एक सांगायचंय."

"तोलून झाल्यावर सांगा."

"मग सांगता येणार नाही."

त्यांनी पेन्सिल ठेवली. त्याने सांगितलं. झाडू, तीन फेरे, चालू मोटर, बसचा दिवस. सांगताना तो एका पायावरून दुसऱ्या पायावर होत राहिला.

"किती वर्षं?"

"एकोणीस."

"रोज?"

"रजा सोडून. रजेला बदली माणूस जायचा. तो झाडत नसे. आळशी आहे."

मॅडम उठल्या. कपाटातून एक रजिस्टर काढलं, मग दुसरं, मग तिसरं. त्याच्या रजेच्या तारखा शोधल्या. बोट आकड्यांवरून खाली खाली जात राहिलं. प्रत्येक रजेच्या दिवशी आकडा खाली होता, दहाने, चौदाने, एकदा अठराने.

"त्याला मी मेमो दिला होता," मॅडम म्हणाल्या. "कागद नीट बसवत नाही म्हणून. आकडे कमी येतात म्हणून."

ऑफिसातल्या एकमेव कामचुकार माणसाचे आकडे तेवढे खरे होते.

"तुमच्या भावाची भट्टी आहे ना त्या भागात?"

"आहे."

"गप्प राहिला असतात तर आज तिसरा दिवस होता. त्याचं काम झालं असतं."

"म्हणूनच राहवेना. गप्प बसलो तर भावासाठी बसलो असं होईल."

"आणि सांगितलंत ते?"

"तेही भावासाठीच, असं कुणी म्हणू शकेल. चुकीच्या आकड्यांवर त्याला बंद केलं, असाच त्याचा अर्थ होतो." तो थांबला. "मला काय म्हणायचंय ते मला नीट सांगता येत नाही, मॅडम. कागद तोला."

त्यांनी तोलला. काचेच्या पेटीतल्या काट्यावरचा आकडा वर-खाली होत राहिला. त्याने खिशातल्या चिमट्यावर हात दाबून धरला. त्याला धाकटा स्टुलावर बसलेला दिसत होता. त्याच वेळी खिडकीशी बसलेली बायकोही दिसत होती आणि दोघांपैकी कुणासाठी काय मागावं हे त्याला ठरवता येत नव्हतं.

"दोनशे अठ्ठेचाळीस," मॅडम म्हणाल्या.

त्याने हातरुमालाने मान पुसली.

"आदेशात लिहिलंय, सलग तीन दिवस अडीचशेच्या खाली. हे तीनही आकडे खरे आहेत, ते मी आत्ता वर पाठवते. भट्ट्या उद्या सकाळी सुरू होतील."

"आणि मी सांगितलेलं?"

"तेही पाठवणार. लेखी द्या." त्यांनी कागद पुढे केला. "त्याचं काय होईल ते मला माहीत नाही. पण होईल सावकाश."

सावकाश नाही झालं. आठवड्यातच झालं. दोन माणसं पाने-पकडी घेऊन गच्चीवर आली, यंत्राचे चार बोल्ट काढले आणि पेटी खांद्यावर टाकून जिना उतरली. पत्रात लिहिलं होतं, सदर केंद्राच्या नोंदींची विश्वासार्हता तपासून होईपर्यंत मोजणी स्थगित. चौकातल्या मोठ्या फलकावर पाचपैकी चार भागांचे आकडे येऊ लागले. त्याच्या भागासमोर आडवी रेघ. सगळ्यात वाईट आकडा कायम तिथूनच यायचा, तोच नाहीसा झाल्यावर शहराची सरासरी एका दिवसात सुधारली. त्याच आठवड्यात आणीबाणी उठली. जाळ्या उतरल्या, सम आणि विषम गाड्या एकमेकांच्या मागे उभ्या राहून भोंगे वाजवू लागल्या, शाळा भरल्या.

तो झाडू आणायला शाळेत गेला. तेवढंच निमित्त. मावशी पोरांच्या रांगा लावत होती. पोरं खोकत होती.

"हवा चांगली झाली म्हणतात," मावशी म्हणाली.

"कोण म्हणतं?"

"फलकावर आहे ना. आपल्या इथे तर काहीच नाही, नुसती रेघ."

गच्चीवर चार भोकं होती आणि त्यांच्या मधोमध फरशीचा एक स्वच्छ चौकोन. मावशीचे कपडे वाऱ्यावर फडफडत होते. पूर्वेकडे धाकट्याच्या कारखान्याचं धुराडं दिसत होतं. त्यातून धूर निघत होता. त्याला बरं वाटलं आणि लगेच तो खाली उतरला.

धाकट्याला त्याने सगळं सांगितलं तेव्हा भट्टी पूर्ण पेटली होती, आत बघवत नव्हतं. धाकट्याने नळीच्या टोकावर काचेचा गोळा घेतला होता, तो फिरवणं त्याला थांबवता येत नव्हतं. ऐकता ऐकता तो फिरवत राहिला.

"म्हणजे नऊ दिवस माझ्या छातीवर तूच बसला होतास," शेवटी तो म्हणाला.

"असंच म्हण."

"बाबा असते तर त्याच झाडूने हाणला असता तुला." गोळा त्याने पुन्हा आगीत धरला. "आणि मग चहा पाजला असता. बस."

तो बसला. गुडघा हलू लागला.

"खरं सांग," धाकटा आगीकडे बघतच म्हणाला. "आज मोजलं असतं तर किती भरलं असतं?"

"माहीत नाही."

"अंदाजे."

"तुझ्या वहिनीचा खोकला बघता, फार."

धाकट्याने मान हलवली. नळी तोंडाला लावली आणि फुंकर मारली.

आता त्याला प्रयोगशाळेतच काम होतं, कोरे कागद तोलून पाकिटात भरायचं. कोपरा मुडपलेले कागद बाद होत. त्यातले काही तो घरी आणू लागला. स्वयंपाकघराच्या खिडकीला चार टाचण्यांनी एक कागद लावायचा, दुसऱ्या दिवशी त्याच वेळी चिमट्याने काढायचा, मळकी बाजू आत दुमडायची, पाकिटावर तारीख. कोरं वजन पाकिटावर लिहिलेलंच असायचं. त्यापुढची जागा रिकामी.

"मोटर नाही, काही नाही," बायको म्हणाली. "याला काय अर्थ?"

"काही नाही."

"मग?"

"तू खोकतेस त्याची कुठेतरी नोंद असावी," तो म्हणाला. असं बोलायची त्याला सवय नव्हती, म्हणून तो लगेच उठून नळ नीट बंद झालाय का बघायला गेला.

सतरा पाकिटं झाल्यावर एका दुपारी, सगळे जेवायला गेलेले असताना, तो पिशवी घेऊन काट्यासमोर उभा राहिला. पहिलं पाकीट उघडलं. काचेच्या पेटीचं दार सरकवलं. कागद ठेवला. आकडा थरथरत होता, कुठे थांबत नव्हता. मागे पावलं वाजली आणि त्याने वळून पाहिलं नाही.

मॅडमनी पिशवी पाहिली, पाकिटावरची तारीख वाचली.

"हे कुठलं?"

"माझ्या खिडकीचं."

"मोटरशिवाय आकड्याला काही किंमत नाही, तुम्हाला माहितीये."

"माहितीये, मॅडम."

त्या तिथेच उभ्या राहिल्या. पेन्सिल शोधल्यासारखा खिशात हात घातला, सापडली नाही. काट्यावरचा आकडा अजून वर-खाली होत होता.

"पंखा चालू आहे," मॅडम म्हणाल्या. "बंद करा आधी."